कोकणच्या परसात पाणथळ आयरिस

आयरिस हे थंड हवेचे झाड आहे, ते काश्मीरला शोभते आणि आपल्याकडे पावसात कुजून जाईल, असे कोकणातील बहुतेक बागप्रेमी गृहीत धरतात. ऑनलाइन मागवलेला गड्डा आषाढात हाताला मऊ लागला की या समजुतीवर शिक्कामोर्तब होते. यात दोष हवेचा कमी आणि निवडीचा जास्त असतो. बाजारात आयरिस म्हणून सर्रास मिळतो तो दाढीचा आयरिस, म्हणजे खाली झुकलेल्या पाकळीवर केसाळ पट्टा असलेला. त्याचा गड्डा जमिनीच्या वर, उन्हात आणि कोरडा राहावा लागतो, त्यामुळे जिथे पावसाळ्यात अडीच-तीन हजार मिलिमीटर पाऊस सहज पडतो तिथे त्याचा निभाव लागणे अवघडच. परंतु आयरिसच्या सुमारे ३०० प्रजातींपैकी काही प्रजाती मुळातच दलदलीत, ओढ्याकाठी आणि उथळ पाण्यात वाढणाऱ्या आहेत. त्यांना दाढी नसते, त्यांची मुळे चिखलात बुडालेली चालतात आणि माती आम्ल असलेली त्यांना मानवते. चिखल आणि आम्ल माती या दोन्ही गोष्टी कोकणात कोणाकडे मागायला जावे लागत नाही.

अडचण आहे ती पावसाळ्यात नसून चैत्र-वैशाखात आहे. जांभ्याच्या जमिनीत पाणी ठरत नाही, शिमगा उलटला की विहिरी तळ गाठू लागतात, आणि ज्या झाडाला बारा महिने ओलावा हवा त्याची खरी कसोटी तेव्हाच लागते. म्हणून जागा निवडताना ती पावसात कशी दिसते यापेक्षा मे महिन्यात तिथे किती ओल राहते, हे आधी पाहावे.

कोणता आयरिस घ्यावा

कोकणासाठी पहिला विचार करावा तो लुइझियाना गटाचा. अमेरिकेच्या दक्षिणेकडील दलदलींत वाढणाऱ्या पाच प्रजाती आणि त्यांच्या संकरातून आलेले शेकडो बागायती वाण या नावाखाली येतात. जायगँटिसेरुलिया ही त्यांतील सर्वांत उंच. ती चार-पाच फुटांपर्यंत जाते आणि तिची फुले निळी असतात. फुल्वा दोन-तीन फुटांची असून तिचा रंग तांब्याच्या भांड्यावर हात फिरवावा तसा विटकरी-तांबूस असतो, आणि या गटातील वाणांत जो लाल रंग दिसतो तो तिच्याकडूनच आलेला आहे. ब्रेव्हिकॉलिस बुटकी असते, तिचा दांडा नागमोडी वाढतो आणि फुले पानांच्या आतच राहतात, त्यामुळे ती लांबून उठून दिसत नाही, मात्र कुंडीत छान बसते. हेक्सागोना ही आणखी एक निळी प्रजाती. पाचवी नेल्सनी, जिचे शास्त्रीय वर्णन १९६६ साली झाले. ती लुइझियानातील ॲबव्हिल गावाजवळच्या दलदलीपुरतीच नैसर्गिकरीत्या सापडते आणि इतर प्रजातींच्या संकरातूनच निर्माण झालेली आहे.

या झाडांच्या मूळ प्रदेशातला उन्हाळा आपल्यासारखाच घामट असतो, हिवाळा मात्र आपल्यापेक्षा बराच गार असतो. त्यामुळे कोकणात पाने जोमदार येतील याची खात्री जितकी देता येते तितकी फुलांची देता येत नाही, हे लागवडीआधीच मान्य करावे. दापोलीचे पठार किंवा सह्याद्रीच्या पायथ्याची गावे थंडीच्या रात्री किनाऱ्यापेक्षा चांगलीच गार होतात, आणि तिथल्या बागांना फुलांच्या बाबतीत अधिक आशा धरायला हरकत नाही. अगदी समुद्रालगतच्या वाडीत मोकळी, उत्तरेचा वारा येणारी जागा निवडावी. भिंतीच्या आडोशाला, जिथे दिवसाची ऊब रात्रभर टिकते, तिथे लावू नये.

याच धाटणीची दुसरी प्रजाती व्हर्जिनिका, तीही दक्षिणेकडची आणि उष्णता सोसणारी. तिचा उत्तरेकडील प्रजाती व्हर्सिकलरशी झालेला संकर रोबस्टा या नावाने ओळखला जातो, आणि त्यातील ‘जेराल्ड डार्बी’ या वाणाच्या कोवळ्या पानांचा बुंधा गडद जांभळा असल्यामुळे फूल नसतानाही तो पाहण्यासारखा असतो. तरी एकच रोप घ्यायचे असेल तर माझे मत लुइझियाना गटाच्या बाजूने जाईल. या गटातील ‘ब्लॅक गेमकॉक’ हा जवळजवळ काळा भासणारा जांभळा वाण पाणवनस्पतींच्या व्यवहारात बराच रुळलेला आहे.

जपानी आयरिस, म्हणजे एन्साटा, यांची छायाचित्रे मोहात पाडतात, कारण त्यांची फुले ताटलीएवढी रुंद आणि सपाट असतात. परंतु त्यांना स्पष्ट थंडी आणि सक्तीची विश्रांती लागते. ती कोकणात मिळत नाही, म्हणून त्यांच्यावर पैसे घालवू नयेत. लीव्हिगाटा या दुसऱ्या पाणथळ आयरिसबाबतही तेच. युरोपातील पिवळा आयरिस, म्हणजे स्यूडाकोरस, चिवट असतो खरा, पण उत्तर अमेरिका आणि न्यूझीलंडमध्ये त्याने नदीकाठ व्यापून टाकले आहेत. त्याचे बी पाण्यावर तरंगत जाते आणि गड्ड्याचा तुटका तुकडाही रुजतो. वहाळ थेट खाडीला मिळणाऱ्या आपल्या प्रदेशात तो न आणलेलाच बरा.

रोपवाटिकेत पाहताना

फुलाविना आयरिस ओळखणे सोपे नाही, आणि त्याच्या नावाखाली दोन झाडे हमखास गळ्यात पडतात. एक आपले वेखंड. त्याची पानेही तलवारीसारखी आणि पंख्याच्या रचनेत येतात, परंतु पान चुरगळले की उग्र सुगंध येतो, मधली शीर पानाच्या बरोबर मध्यभागी नसते आणि बहुधा एका कडेला सुरकुत्या दिसतात. आयरिसच्या पानाला असा वास नसतो. दुसरे म्हणजे ‘वॉकिंग आयरिस’ या नावाने विकले जाणारे पिवळ्या फुलांचे झाड, जे आयरिसच्या कुळातले असले तरी आयरिस नव्हे. त्याचा फुलाचा दांडा वाकून जमिनीला टेकतो आणि तिथे नवे रोप रुजते. कोकणात ते उत्तम येते, सावलीतही येते, त्यामुळे ते वाईट झाड आहे असे नाही. फक्त ते पाण्यात लावण्याचे नव्हे.

गड्डा घेताना तो टणक आहे, त्याला निदान एक जिवंत पंखा, म्हणजे पानांचा झुबका, आहे आणि पांढरी मुळे आहेत, हे पाहून घ्यावे. दाढीच्या आयरिसचे गड्डे कोरडे पाठवले तरी चालतात, पाणथळ आयरिसचे मात्र ओल्या कापडात किंवा ओल्या काथ्यात गुंडाळून यायला हवेत. पार्सल उघडल्यावर ते रात्रभर स्वच्छ पाण्यात बुडवून ठेवावेत. परदेशातून येणाऱ्या नातेवाइकांकरवी बॅगेतून गड्डे मागवण्याचा विचार मनातही आणू नये. २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार जिवंत रोपे भारतात आणण्यासाठी परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते, आणि या नियमामागची कारणे बागायतदाराला सांगण्याची गरज नाही.

जागा, माती आणि पाणी

जिथे अळू बारमाही तजेलदार राहते ती जागा ओलीची आहे, असे खुशाल समजावे. मात्र अळवाच्या खाचरात थेट आयरिस लावण्याआधी तिथे कोणते पाणी येते ते तपासावे. न्हाणीच्या पाण्यावर केळ आणि अळू पोसले जाते, पण कपडे-भांड्यांच्या साबणाचे पाणी अल्कधर्मी असते आणि आयरिसला ते सोसत नाही. विहिरीवरच्या डोणीखाली, पोफळीच्या बागेतल्या पाटाच्या शेवटी, किंवा पंपाच्या गळक्या जोडाजवळ जिथे साधे पाणी मुरत असते, तिथे हे झाड लावावे. सकाळचे पाच-सहा तास ऊन आणि दुपारनंतर माडांची विरळ सावली मिळेल, तर त्याहून चांगली जागा नाही. गर्द सावलीत पाने लांबतात, लोळतात आणि फुलांची आशा संपते.

जांभ्याची माती आम्ल असते, त्यामुळे चुना घालून ती ‘सुधारण्याचा’ खटाटोप करू नये. हाडांचे खतही टाळावे. या मातीत कमी असतो तो सेंद्रिय अंश. म्हणून वाफा हातभर खोल खणून त्यात चांगले कुजलेले शेणखत आणि पालापाचोळ्याचे खत भरपूर मिसळावे. सोडणाचा भुसा वापरायचा असेल तर तो आधी दोन-तीनदा पाण्यात भिजवून, ते पाणी फेकून देऊन मगच वापरावा, कारण त्यात क्षार असतात. वाफ्याच्या तळाशी शेततळ्याचा जुना कागद अंथरून त्याला चार-पाच ठिकाणी भोके पाडली की पाणी हळूहळू मुरते आणि वैशाखात पाणी घालण्याची दगदग निम्म्याने कमी होते. जमीन कशी आहे याचा अंदाज येत नसेल तर दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या माती परीक्षण केंद्रात नमुना देऊन सामू, म्हणजे मातीच्या आम्लतेचे माप (pH), कळून घेता येतो. साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यानचा सामू उत्तम.

परसात जागा नसेल तर भोक नसलेला टब हा सर्वांत खात्रीचा मार्ग. दीड फूट रुंद आणि एक फूट खोल टब एका रोपाला पुरतो. त्यात खालचे दोन भाग जड चिखलमाती, शेताच्या बांधाकडची असली तर उत्तम, आणि वरचा एक भाग कुजलेले शेणखत मिसळलेली माती भरावी. रोपाने मुळे धरल्यावर त्यावर पाणी चार बोटे राहू द्यावे. सिमेंटचे टाके किंवा कुंडी नवी असेल तर तिच्यातून चुना सुटत राहतो, म्हणून ती दोन-तीन आठवडे पाण्याने भरून दर तीन-चार दिवसांनी रिकामी करावी आणि मगच माती भरावी. पाण्यात डास होऊ नयेत म्हणून गप्पी मासे सोडावेत, पण ते टबातच राहतील याची काळजी घ्यावी. ओढ्यात जाऊ देऊ नयेत.

खाडीकाठच्या गावांना आणखी एक सूचना. एप्रिल-मे महिन्यांत विहिरीचे पाणी मचूळ होत असेल तर त्या काळात ते आयरिसला घालू नये. पानांची टोके तपकिरी होऊन वाळत खाली येऊ लागली, तर पहिला संशय खाऱ्या पाण्यावर घ्यावा. नळाचे किंवा साठवलेले पाणी कमी पडत असेल तर वाफ्यातील झाडे टबात हलवून दोन महिने काढणे शहाणपणाचे.

लागवड आणि वर्षभराची निगा

नवरात्र ते दिवाळी हा लागवडीचा काळ. पावसाचा जोर ओसरलेला असतो, जमीन ओली असते, आणि हे आयरिस मूळ प्रदेशातही शरद ते वसंत या काळातच जोमाने वाढतात. गड्डा आल्या-हळदीसारखा आडवा ठेवावा, मुळे दोन्ही बाजूंना खाली पसरावीत आणि वर साधारण एक इंच माती राहील इतकेच पुरावे. पंखा असलेले टोक ज्या दिशेला, त्याच दिशेला पुढे वाढ होते. म्हणून वाफ्याच्या कडेला लावताना टोक आतल्या बाजूला ठेवावे, नाहीतर दुसऱ्या वर्षी झाड वाफ्याबाहेर निघून गेलेले दिसते. दोन रोपांत दीड फूट अंतर असावे. नवे रोप लगेच खोल पाण्यात ठेवू नये. पहिला महिना नुसता चिखल पुरे, मुळे धरल्यावर चार ते सहा इंच पाणी चालते.

या झाडाला खत भरपूर लागते. लागवडीनंतर महिन्याने आणि पुन्हा पौषात कुजलेल्या शेणखताचा थर द्यावा, सोबत थोडी निंबोळी पेंड मिसळावी. पाने फिकी वाटली तर जमिनीतील वाफ्याला दर चौरस मीटरला तीसेक ग्रॅम अमोनियम सल्फेट देऊन लगेच पाणी द्यावे. मासे असलेल्या टबात मात्र ते कदापि टाकू नये, तिथे शेणखताचा गोळा कापडात बांधून मातीत खोल खुपसावा. फुले आली तर ती माघ-फाल्गुनाच्या सुमारास अपेक्षित धरावीत. एकेक फूल दोन-तीन दिवस टिकते, पण एका दांड्यावर कळ्या अनेक असल्यामुळे बहर लांबतो.

चैत्र लागला की वाढ मंदावते, बाहेरची पाने पिवळी पडतात आणि झाड मरते आहे असा भास होतो. ते विश्रांती घेत असते. अशा वेळी खत देण्याचा मोह आवरावा. पाणी मात्र तोडू नये. उघडा पडलेला गड्डा उन्हात भाजतो, म्हणून वाफ्यावर सुक्या पानांचे तीन-चार बोटे जाड आच्छादन करावे. आंब्याची पाने कुजायला वेळ लावतात, पण आच्छादन म्हणून ती टिकाऊ असतात. भातपेंढाही चालतो, फक्त त्यात वाळवी शिरली नाही ना हे अधूनमधून उचलून पाहावे.

मृग नक्षत्र लागण्यापूर्वी सुकलेली पाने बुंध्याशी कापून काढावीत, कारण पावसाळ्यात ढगाळ, दमट हवेत पानांवर ठिपक्यांचा रोग आणि तांबेरा याच जुन्या पानांवरून चढतो. मुळे बुडाली तरी हरकत नाही, पण गढूळ पाण्याखाली सगळा पंखाच अनेक दिवस राहिला तर तो सडतो. पागोळीचे पाणी थेट पडेल अशी जागा नको. ते माती खोदून गड्डे उघडे पाडते. गोगलगायी रात्री कोवळी पाने कुरतडतात, त्या कंदील किंवा टॉर्च घेऊन वेचणे हाच खात्रीचा उपाय. रानडुकरे ओल्या मातीत मुसंडी मारतात, त्यामुळे कुंपणाबाहेरच्या वाफ्याचा भरवसा धरू नये. गुरे हे झाड सहसा खात नाहीत, ते कडू आणि विषारी असते. कापणी करताना गड्ड्याचा चीक अंगाला लागून खाज येऊ शकते, म्हणून हातमोजे घालावेत आणि लहान मुलांना दूर ठेवावे.

दर दोन-तीन वर्षांनी बेट उपटून वेगळे करणे आवश्यक असते. चिखल धुऊन गड्डा हातात घेतला की त्याचा इतिहास वाचता येतो: मागे काळपट, पोकळ झालेला जुना भाग, मग तुटलेल्या फुलदांड्याची गोल खूण, आणि त्या खुणेच्या दोन्ही बाजूंना निघालेले हिरवट फुटवे. ज्या गड्ड्यावर एकदा फूल आले त्यावर ते पुन्हा येत नाही, पुढच्या वर्षीची फुले या फुटव्यांवर येतात. म्हणून जुना भाग धारदार कोयतीने तोडून टाकावा, फुटवे मुळांसह ठेवावेत, पाने वीतभर राखून छाटावीत आणि त्याच दिवशी नव्या खतावलेल्या मातीत लावावेत. सावलीतही त्यांना सुकू देऊ नये.

संकर करायचा असल्यास

या गटाचे वैशिष्ट्य असे की त्यातील प्रजाती निसर्गातही एकमेकींशी सहज संकर पावतात. न्यूयॉर्क बोटॅनिकल गार्डनचे वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन स्मॉल यांनी १९२० च्या दशकात लुइझियानातील दलदलींत रंगांची उधळण पाहिली आणि डझनावारी नव्या प्रजातींची नावे दिली. पुढे १९३५ साली लुइझियानातलेच निसर्ग-अभ्यासक पर्सी व्हिओस्का यांनी दाखवून दिले की त्यांतील बहुतेक ‘प्रजाती’ म्हणजे मूठभर मूळ प्रजातींचे संकर आहेत. दूरच्या प्रजातींचा संकर मात्र बहुधा वांझ निघतो, आणि त्याची गुणसूत्रे दुप्पट झाली तरच तो पुढे बी धरतो. वर उल्लेखलेली व्हर्सिकलर अशीच जन्मली असे मानले जाते: व्हर्जिनिकाची ७० आणि सेटोसा या आणखी एका आयरिस प्रजातीची ३८ मिळून तिची १०८ गुणसूत्रे होतात. घरच्या बागेत लुइझियाना गटातील दोन वाणांचा आपसात संकर करणे हेच सोपे आणि फलदायी.

फूल नीट पाहिल्याशिवाय हे काम जमत नाही. तीन पाकळ्या बाहेर झुकलेल्या, तीन त्यांच्या मधल्या, आणि मध्यभागातून निघालेल्या तीन चपट्या फांद्या, ज्या पाकळ्याच वाटतात पण असतात कुक्षीवृंताच्या. प्रत्येक फांदीच्या खाली एकेक पुंकेसर दडलेला असतो आणि फांदीच्या टोकाजवळ, खालच्या बाजूला, ओठासारखी बारीक कड असते, ती कुक्षी. उद्या उमलणारी कळी हाताने हलकेच उघडून तिचे तिन्ही पुंकेसर चिमट्याने काढून टाकावेत आणि झुकणाऱ्या पाकळ्याही खुडाव्यात, म्हणजे मधमाशीला उतरायला जागा राहत नाही. दुसऱ्या सकाळी, ऊन चढण्यापूर्वी, दुसऱ्या वाणाच्या ताज्या फुलातील परागकोश या ओठावर फिरवावा. पराग पिवळसर भुकटीसारखा चिकटलेला दिसला की काम झाले. देठाला दोऱ्याने चिठ्ठी बांधून त्यावर आईचे नाव आधी, बापाचे नंतर आणि तारीख पेन्सिलने लिहावी. शाई पहिल्याच दवात पसरते.

फळ धरले तर बोंड सुमारे तीन महिन्यांत पिकते. बी मोठे, बुचासारख्या सालीचे असते. ते साठवून वाळवू नये. साल नखाने किंवा सुरीच्या टोकाने सोलून ताजेच ओल्या मातीत पेरावे आणि काही महिने धीर धरावा, कारण रुजवण एकदम न होता मागेपुढे होत राहते. रोपांना फूल यायला दोन वर्षे किंवा अधिक लागतात. संकर करायचा नसेल, तर प्रत्येक कोवळे बोंड खुडून टाकावे, नाहीतर खाली पडलेल्या बियांची रोपे मूळ वाणात मिसळतात आणि दोन वर्षांनी कोणते झाड कोणते हे सांगता येत नाही.

रोपे फुलल्यावर बहुतेक फुले आईबापांपेक्षा सामान्यच निघतात, आणि त्यांतील दोन-तीन ठेवून बाकीची काढून टाकावी लागतात. ही काढलेली रोपे आणि जुने गड्डे वहाळात, चिरेखाणीच्या पाण्यात किंवा सड्यावरच्या डबक्यांत टाकू नयेत. पावसाळ्यात त्या सड्यांवर गेंद, सीतेची आसवे यांसारखी नाजूक झाडे काही आठवड्यांपुरती उगवतात आणि दाट पंख्यांच्या बेटाखाली त्यांना उजेड मिळणार नाही. नको असलेले गड्डे उभे चिरून कातळावर दोन-तीन आठवडे कडक उन्हात वाळवावेत, तोडल्यावर आतून कोरडे कुडकुडीत निघाले की मगच खतखड्ड्यात टाकावेत.